ससून हे नाव कुणाचं? बगदादहून आलेल्या एका व्यापाऱ्याची पत आणि तिचा हिशोब

पुण्यात "ससूनला न्या" म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. अपघात झाला, कुणी भाजलं, शवविच्छेदन करायचंय, वैद्यकीय मंडळाचा दाखला हवाय, काही ना काही कारणानं हे नाव आठवड्यातून एकदा तरी पेपरात येतंच. मध्यंतरी अशाच एका बातमीवर बोट ठेवून भाचीनं विचारलं, "मामा, ससून म्हणजे काय? संस्कृत शब्द आहे का?" घरात आम्ही चार मोठी माणसं होतो. एकानं ठामपणे सांगितलं, पारशी. दुसरा म्हणाला, कुणीतरी इंग्रज कलेक्टर असणार. तिसऱ्यानं मुंबईचा ससून डॉक आठवून हा कोळी समाजातला कुणी दानशूर असावा असा तर्क लढवला. माझी मजल "ज्यू होता म्हणे" इथपर्यंत होती, आणि त्याच्या पुढे मलाही काही बोलता येईना.

वास्तविक या माणसाची नि त्याच्या मुलानातवांची नावं आपण रोज घेतो. ससून रुग्णालय, ससून डॉक, काळा घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी, पुण्यातल्या कॅम्पातलं लाल देऊळ. 'काळा घोडा' हे नावसुद्धा ससून घराण्याच्याच देणगीतून आलेलं. इतक्या ठिकाणी नाव असलेला माणूस कोण, त्याच्याकडे एवढा पैसा आला कुठून आणि त्यानं तो इथेच का खर्च केला, हे नीट मांडून पाहू.

आधी नावाचा उलगडा

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादमध्ये झाला. तिथल्या ज्यू समाजात आपल्यासारखी आडनावं नव्हती. माणूस बापाच्या नावानं ओळखला जायचा. वडिलांचं नाव ससून, म्हणून हा 'ससूनचा डेव्हिड'. आपण वडिलांचं नाव मधे लिहितो, यांच्या घरात ते शेवटी राहिलं आणि पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. हिब्रूत 'सासोन' म्हणजे आनंद. भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे, आणि केस पेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ते खरं वाटणार नाही.

वडील, शेख ससून, हे बगदादच्या पाशांचे मुख्य सराफ आणि तिथल्या ज्यू समाजाचे प्रमुख होते. पाशा म्हणजे ऑटोमन तुर्की सुलतानाचा सुभेदार. हे सराफाचं काम पेशवाईतल्या सावकारासारखंच म्हणायचं. सरकारला पैसा लागला की सराफानं उभा करायचा आणि वसुलीच्या मागे लागायचं. मान मोठा, धोका त्याहून मोठा. सुभेदार बदलला किंवा त्याची तिजोरी आटली की सर्वांत आधी सराफाच्या घरावर धाड. १८१७ साली दाऊद पाशा गादीवर आला आणि ज्यू व्यापाऱ्यांची पिळवणूक सुरू झाली. डेव्हिडना अटक झाली. म्हाताऱ्या बापानं पैसे मोजून पोराला सोडवलं आणि शहराबाहेर काढलं. बसऱ्यावरून ते इराणच्या बुशहर बंदरात पोचले. वडीलही मागून आले आणि १८३० मध्ये तिथेच वारले. दोनेक वर्षांनी, १८३२च्या सुमाराला, चाळिशीला टेकलेले डेव्हिड बायकोमुलांसह मुंबईत उतरले.

पळून आलेला माणूस श्रीमंत कसा होतो?

अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून ते बगदादहून निसटले, अशी एक गोष्ट त्या घराण्यात सांगितली जाते. असतीलही. पण मोत्यांवर पेढी उभी राहत नाही. राहिली असती तर झवेरी बाजारातला प्रत्येक जण ससून झाला असता.

बरोबर आणलेली खरी ठेव म्हणजे पत. हा शब्द आपण बँकेच्या संदर्भात इतका वापरतो की त्याचा मूळ अर्थ पुसट झालाय. समजा, बुशहरमधल्या एका व्यापाऱ्याला गालिचे मुंबईत विकायचे आहेत. माल गलबतावर चढवल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत कित्येक महिने जाणार. मधे वादळ, चाचे, भाव पडणं, सगळं आहे. मुंबईत माल उतरवून घेणारा, तो विकणारा आणि मुख्य म्हणजे पैसे प्रामाणिकपणे परत पाठवणारा कुणीतरी हवा. त्या माणसाला बुशहरचा व्यापारी ओळखत नसेल तर सगळा खेळ तिथेच थांबतो. पण "शेख ससूनचा मुलगा मुंबईत बसलाय" म्हटल्यावर बगदाद, बसरा, बुशहर या पट्ट्यातला व्यापारी निर्धास्त होतो. तीस-पस्तीस वर्षं बापाच्या शब्दावर सुभ्याचा कारभार चालला होता. तो शब्द मुलाला वारशात मिळाला. पाशाला घर जप्त करता आलं, हा शब्द जप्त करता आला नाही.

याच शब्दाचं कागदी रूप म्हणजे हुंडी. "अमुक दिवसांनी ही चिठ्ठी आणणाऱ्याला इतके रुपये द्यावेत" असं लिहून खाली सही करायची. त्या चिठ्ठीची किंमत सहीवर ठरते. सही चांगली असेल तर मुदत संपायच्या आधीच चार लोक ती थोड्या कमी भावानं विकत घ्यायला तयार असतात. मुंबईत मारवाडी, भाटिया, पारशी पेढ्या हेच करत होत्या. ससून या बाजारात नवखे होते, पण त्यांच्यामागे इराणच्या आखाताचा तो सगळा पट्टा उभा होता, जो बाकीच्यांना एवढ्या जवळून माहीत नव्हता.

वेळही बरोबर साधली गेली. १८१३ साली ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातली मक्तेदारी संपली होती, आणि १८३३च्या कायद्यानं चीनच्या व्यापारातलीही संपली. एवढा मोठा मक्तेदार बाजूला झाला की त्याच्या जागेत जो आधी दुकान मांडतो त्याचं भलं होतं. ससून वर्षभर आधीच येऊन बसले होते.

पण इथे ज्यू आधीपासून होतेच ना?

होते, आणि मराठी वाचकाची गल्लत सर्वांत जास्त इथेच होते.

कोकणातले बेने इस्राईल हे शतकानुशतकं इथले. रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. बोली मराठी, बायका नऊवारीत, आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं. मशीद बंदर स्टेशनाच्या नावातली 'मशीद' तीच, असं सांगतात. ससून मुंबईत आले तेव्हा त्या सिनेगॉगला पस्तीसेक वर्षं झाली होती.

ससून आणि त्यांच्यामागून आलेले ते 'बगदादी ज्यू'. घरात अरबी बोलणारे, झगा आणि पागोटं घालणारे. धर्म एक, बाकी भाषा, जेवण, रंग, रीत सगळं वेगळं. सुरुवातीला बगदाद्यांनी बेने इस्राईलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना केली. पुढे मात्र बेने इस्राईल धर्मानं पुरेसे 'शुद्ध' आहेत का, अशी शंका ते घेऊ लागले. १८३०च्या दशकातच दफनभूमीत दोघांच्या मधे भिंत घालावी अशी मागणी त्यांनी सरकारदरबारी केली. तिकडे पाशाच्या जाचातून सुटून आलेल्या माणसांनी इकडे दहा वर्षांच्या आत सोवळंओवळं मांडावं, हे वाचताना मला हसावं की काय करावं कळेना. जातीची हवा लागायला फार दिवस लागत नाहीत.

पेढी चालायची कशी?

डेव्हिडना आठ मुलगे. हे वाक्य घरगुती वाटेल, पण त्यांच्या धंद्याची बांधणी या एका वाक्यात आहे.

त्या काळी मुंबईहून शांघायला पत्र जायला कित्येक आठवडे लागत. तिथल्या गुमास्त्यानं अफरातफर केली तर कळायलाच दोन-तीन महिने, आणि फिर्याद करायची कुठल्या कोर्टात? हिंदुस्थान, इराण, तुर्की आणि चीन या सगळ्यांना लागू होईल असा कायदाच नव्हता. मग करारापेक्षा रक्ताचं नातं स्वस्त पडतं. दुसरा मुलगा इलायस १८४४ मध्ये चीनला गेला. वय चोविशीचं. बाकीचे मुलगे हाताशी आले तसे आळीपाळीनं बंदरोबंदर फिरले. एकाच्या ठिकाणचा धंदा दुसऱ्यालाही ठाऊक झाला पाहिजे, हा बापाचा दंडक. १८५८ मध्ये लंडनची शाखा उघडली, तीही मुलाच्याच हातात.

पत्रव्यवहार अरबीत, पण हिब्रू अक्षरांत. जुन्या मारवाडी पेढीची मुडिया लिपीतली वही किंवा आपल्याकडचं मोडीतलं दफ्तर डोळ्यासमोर आणा. ज्याच्या कामाचं आहे त्याला सरळ वाचता येतं, शेजारच्या दुकानदाराला नुसत्या रेघोट्या दिसतात. त्या पत्रांत भाव, हवामान, गलबतांची ये-जा आणि कुणाच्या घरी बारसं झालं ते, सगळं एकात एक. ज्या पेढीला शांघायचा भाव आठ दिवस आधी कळला तिनं अर्धी बाजी मारलेलीच असायची.

नोकरवर्ग कुठून आणायचा? त्याचंही उत्तर घरचंच. बगदादहून गरीब ज्यू पोरं आणायची, मुंबईतल्या ससूनच्या शाळेत त्यांना हिब्रू, अरबी, इंग्रजी, हिशोब शिकवायचा आणि मग पेढीवर लावायचं. राहायला जागा, आजारपणात वैद्य, मेल्यावर दफनाची सोय, सगळं पेढीकडून. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावची 'गावकीची खोली' असायची. नवा पोरगा बोटीतून उतरला की थेट तिथे जायचा, आणि दोन दिवसांत गाववाला जॉबर त्याला खात्यात चिकटवून द्यायचा. ससूनचं तसंच होतं, फक्त खोलीच्या जागी शाळा आणि गिरणीच्या जागी हाँगकाँग.

डेव्हिड स्वतः शेवटपर्यंत बगदादी पोशाखातच राहिले. अरबी, हिब्रू, फार्सी, तुर्की येत होती, इथे आल्यावर हिंदुस्थानी शिकले. इंग्रजीशी मात्र त्यांचं सूत कधी जुळलं नाही. १८५३ मध्ये ते ब्रिटिश प्रजाजन झाले तेव्हा कागदावर सही हिब्रूतच केली. हा कागद नुसता मानाचा नव्हता. चीनच्या ज्या बंदरांत इंग्रजांना व्यापाराची मुभा होती तिथे ब्रिटिश प्रजाजनाला चिनी कायदा लागूच होत नसे. चिनी अंमलदाराला त्याच्यावर हात टाकता येत नसे. बगदादच्या तुरुंगात बसून आलेल्या माणसाला अशा कागदाची किंमत इतरांपेक्षा जास्त कळत असणार.

आता अफू

इथवर वाचून हा माणूस गालिचे, खजूर, मोती आणि कापड विकून मोठा झाला असं वाटेल. तेही विकलंच. पण मोठा पैसा अफूतून आला, आणि हा भाग घाईनं उरकून चालणार नाही.

इंग्रजांना चीनचा चहा हवा होता. चिन्यांना इंग्रजी मालाची फारशी गरज नव्हती. त्यामुळे चहाच्या बदल्यात चांदी मोजावी लागे, आणि चांदी बाहेर गेलेली कुठल्याच सरकारला आवडत नाही. यावर सापडलेला तोडगा म्हणजे हिंदुस्थानची अफू. चीनमध्ये ती विकायची, येणाऱ्या पैशातून चहा घ्यायचा. वाण्याच्या दुकानातली उधारी फेडायची म्हणून त्याच्याच पोराला गुत्त्याची सवय लावावी, तसला हा व्यवहार.

बंगाल-बिहारकडची अफू थेट कंपनीच्या ताब्यात होती. पश्चिमेकडे माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात, पिकणारी अफू मात्र संस्थानांतली असल्यानं कंपनीच्या मुठीत येत नव्हती. ती चोरवाटांनी दमण, कराचीकडून बाहेर पडायची. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतलं आणि कराचीची वाट बंद झाली. आता माळव्याच्या पेट्यांना मुंबईवाचून गत्यंतर नव्हतं. एका पेटीत साधारण ६३ किलो माल. प्रत्येक पेटीवर सरकार परवान्याचा कर घेई. १८४३च्या सुमाराला पेटीमागे २०० रुपये असलेला हा कर १८६० पर्यंत ६०० रुपयांवर गेला. मुंबई इलाख्याच्या तिजोरीला या पेट्यांची किती चटक लागली होती ते यावरून दिसतं.

पहिल्या अफूच्या युद्धानंतर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, पाच बंदरं उघडली. इलायस ससून चीनला गेला तो त्यानंतर दोनच वर्षांनी. जुन्या इंग्रजी कंपन्या मुंबईच्या बाजारातून दलालामार्फत माल उचलायच्या. ससूननी हात आणखी लांब केला. माळव्यातल्या व्यापाऱ्यांना आधीच उचल द्यायची आणि येणारं पीक बांधून घ्यायचं. आपल्याकडे आंब्याचा बागायतदार मोहोर दिसताच दलालाकडून पैसे घेतो आणि पेट्या त्यालाच द्यायचं कबूल करतो, अगदी तसंच. डेव्हिड गेल्यानंतर मुलांनी या धंद्यात इतकी मुसंडी मारली की जार्डिन मॅथिसनसारखी बलाढ्य कंपनी १८७०च्या दशकात अफूतून बाहेरच पडली.

यावर दोन बचाव नेहमी ऐकू येतात.

एक म्हणजे, तेव्हा अफू कायदेशीर होती. मुंबईत होती. चीनमध्ये १८५८ पर्यंत तिच्यावर बंदी होती, आणि ती उठली तीही दुसऱ्या युद्धाच्या दडपणाखाली. म्हणजे ससून पेढीची चीनमधली पहिली चौदा-पंधरा वर्षं माल ज्या देशात जात होता तिथे तो चोरटाच होता. फक्त चोरावर हात टाकण्याची सोय नव्हती.

दुसरा बचाव असा की त्या काळात कुणाला त्यात वावगं वाटतच नव्हतं, आजच्या चष्म्यातून पाहू नका. हा मला जास्त पोकळ वाटतो. लिन झेशू या चिनी अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त करून नष्ट केल्या होत्या. त्याला वावगं वाटतच होतं. आणि मुंबईचंच उदाहरण हवं तर दादाभाई नौरोजी घ्या. लंडनच्या कामा कंपनीतली भागीदारी त्यांनी तत्त्वासाठी सोडली आणि पुढे अफूच्या व्यापारावर उघड टीका केली. कळणाऱ्यांना तेव्हाही कळत होतं.

मात्र सगळं खापर एका ज्यू घराण्याच्या माथी फोडणं हाही लबाडपणाच. या पेट्यांत पारशी, गुजराती, मारवाडी, कोकणी मुसलमान, इंग्रज सगळ्यांचे हात होते. ज्यांच्या नावानं जे. जे. रुग्णालय आहे त्या जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्तीसुद्धा मोठ्या प्रमाणात चीनच्या व्यापारातून, अफूतून आलेली. कर गोळा करणारं सरकार वेगळंच. 'पूर्वेचे रॉथशिल्ड' (रॉथशिल्ड म्हणजे युरोपातलं बड्या ज्यू सावकारांचं घराणं) असं ससूनना म्हणतात, आणि इंटरनेटवर त्यामागून जगभरच्या ज्यूंच्या कारस्थानाच्या कथा येतात. त्या कथा रचणाऱ्यांना जीजीभॉय आणि कंपनी सरकार बरोबर त्याच वेळी आठवत नाहीत.

मग एवढं दान का? पाप धुवायला?

अफूच्या पैशाचं प्रायश्चित्त म्हणून दान, हा अर्थ आपण मागाहून लावतो. डेव्हिडना अफूबद्दल खंत होती असं मानायला काही आधार नाही. दानाची कारणं वेगळी होती.

ज्यू परंपरेत दानाला 'त्सेदाका' म्हणतात. या शब्दाचं मूळ 'न्याय' या अर्थाच्या शब्दात आहे, दयेत नाही. गरिबाला द्यायचं ते उपकार म्हणून नव्हे, त्याचं देणं म्हणून. मिळकतीचा दहावा हिस्सा बाजूला काढायची जुनी रीत आहे. ससूनच्या पेढीवर सौद्यामागे ठरावीक अंश दानाच्या खात्यावर टाकला जाई. आपल्याकडच्या जुन्या अडतीच्या पट्टीवर हमाली, तोलाई, दलाली यांच्या ओळीत 'धर्मादाय' असायचं, तो हाच प्रकार. दान हा वर्षअखेरचा उमाळा राहत नाही, खर्चातली एक ओळ होते.

आणि हो, दानानं पतही वाढते. परक्या शहरात कालपरवा आलेल्या माणसाच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं की त्याच्या हुंडीवर शंका घ्यायला बाजार कचरतो. गव्हर्नर ओळखू लागतो. यात ढोंग असतंच असं नाही. मनापासून दिलेल्या देणगीचाही फायदा होऊ शकतो.

सरकारशी जवळीक तर होतीच. १८५७च्या उठावात डेव्हिड उघडपणे इंग्रजांच्या बाजूचे होते. ते इंग्रजधार्जिणे होते का, तर होते. दाऊद पाशाचा अनुभव घेतलेल्या माणसाला, व्यापाऱ्याचं घर न लुटणारं कुठलंही राज्य बरंच वाटलं असणार. शेतसाऱ्याखाली पिचलेल्या आपल्या कुणब्याला तेच राज्य कसं वाटत होतं, हा हिशोब त्यांच्या वहीत नव्हता.

दानाच्या यादीत मला सर्वांत जास्त रस वाटतो तो फारशा न मिरवल्या गेलेल्या एका संस्थेत. १८५७ मध्ये मुंबईत त्यांच्या देणगीतून बालगुन्हेगारांसाठी सुधारगृह निघालं. पोरांना तुरुंगात टाकण्याऐवजी हातात काहीतरी काम शिकवायचं, ही कल्पना तेव्हा इथे नवी होती. माटुंग्याच्या बाजूला आजही डेव्हिड ससून यांच्या नावानं मुलांचं गृह आहे. पुण्यातलं 'निवारा', म्हणजे डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, हेही त्यातलंच. तिथल्या सभागृहात प्रदर्शनाला गेलेल्या किती जणांनी ती पाटी वाचली असेल कोण जाणे.

लायब्ररीची गोष्ट आणखी मजेची. टांकसाळ आणि सरकारी गोदीतल्या तरुण कारागिरांना यंत्रविद्येची पुस्तकं वाचायला जागा हवी होती, त्यातून १८४७ साली ही संस्था सुरू झाली. १८७० मध्ये उभ्या राहिलेल्या इमारतीच्या सव्वा लाख खर्चापैकी ६० हजार रुपये ससूनचे. आत शिरलात की दारातच थॉमस वूल्नर या शिल्पकारानं घडवलेले संगमरवरी डेव्हिड ससून उभे दिसतात. पागोटं, लांब दाढी, पायघोळ झगा. बाहेर काळा घोड्याचा गोंगाट, वर लांबलचक आरामखुर्च्यांत परीक्षेचा अभ्यास करता करता झोपी गेलेली पोरं, आणि खाली हा बगदादी. साहेबी पोशाखातल्या पुतळ्यांच्या त्या इलाख्यात तो एकटाच घरच्या कपड्यांत आल्यासारखा वाटतो.

पुणं यात कुठून आलं?

पावसाळ्यात गव्हर्नर आपल्या लवाजम्यासह मुंबई सोडून पुण्याला येई. जिथे गव्हर्नर तिथे श्रीमंतांचे बंगले. डेव्हिड ससून यांचाही होता, आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. रुग्णालयासाठी मोठी देणगी त्यांनी दिलेली होती, इमारत मात्र त्यांना पाहायला मिळाली नाही. ते १८६७ मध्ये सुरू झालं तेव्हा १४४ रुग्णांची सोय होती. आज खाटा हजाराहून जास्त आहेत. शेजारचं बी. जे. मेडिकल पुढे एका पारशी दात्याच्या नावानं निघालं, त्यामुळे 'ससून म्हणजे पारशी' हा आमच्या घरातला तर्क अगदीच हवेतला नव्हता.

रुग्णालय सुरू झालं त्याच वर्षी, १८६७ मध्ये, कॅम्पात ओहेल डेव्हिड सिनेगॉग पुरं झालं. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं, लांबून पाहिलं तर चर्च वाटावं असं. पुणेकरांनी शिखर पाहिलं, रंग पाहिला आणि 'लाल देऊळ' म्हणून मोकळे झाले. देवळाच्या आवारात डेव्हिड ससून यांची समाधी आहे.

आणखी एक गोष्ट. ते गेले तेव्हा मुंबईला कापसाची धुंदी चढली होती. अमेरिकेत यादवी पेटल्यानं इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसावर आल्या, मुंबईत पैशाचा पूर आला आणि जो तो बॅकबेच्या भरावाचे शेअर घेत सुटला. १८६५ मध्ये यादवी संपली, भाव कोसळले, प्रेमचंद रायचंदसारखा बाजाराचा राजा रस्त्यावर आला. ससून पेढी तगली. सट्ट्यापेक्षा ज्या मालाची पावती हातात आहे त्याच्यावर विश्वास ठेवायची म्हाताऱ्याची सवय तिथे कामी आली असावी, असं मला वाटतं.

आणि पुढे?

बाप गेल्यावर घर फुटलं, जसं आपल्याकडेही फुटतं. थोरला अब्दुल्ला वारसदार झाला. इलायसनं १८६७ मध्ये वेगळी चूल मांडली आणि ई. डी. ससून कंपनी काढली. अब्दुल्लाचे पुढे 'सर अल्बर्ट' झाले. कुलाब्याला ससून डॉक बांधला तो त्यांनी, १८७५ मध्ये. प्रिन्स ऑफ वेल्सचा घोड्यावरचा पुतळा शहराला दिला तोही त्यांनीच. १८७९ मध्ये बसवलेला तो पुतळा १९६५ मध्ये हलवला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेवला. जागेला नाव मात्र घोड्याचं चिकटलं, राजपुत्राचं नाही.

घराण्यातली एक बाई मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेव्हिड यांचे एक चिरंजीव सॉलोमन १८९४ मध्ये वारले, तेव्हा त्यांची बायको फ्लोरा यांनी मुंबईची पेढी स्वतः चालवायला घेतली. एकोणिसाव्या शतकातली विधवा, बाजारात, पुरुष गुमास्त्यांवर. हाफकिनची कॉलऱ्याची लस टोचून घ्यायला लोक घाबरत होते, तेव्हा लोकांची भीती जावी म्हणून या बाईंनी ती चारचौघांत टोचून घेतली.

हळूहळू सगळे विलायतेला गेले. नव्या पिढीला आखाताचे भाव नको होते, शिकारी आणि मेजवान्या हव्या होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर तिसऱ्या पिढीनं पेढी विकून शेती घेतली. ई. डी. ससूनच्या गिरण्या तेवढ्या १९४०च्या दशकापर्यंत टिकल्या, मग दुसऱ्यांच्या हातात जाऊन त्या इंडिया युनायटेड मिल्स झाल्या. त्यातली सहा नंबरची म्हणजे दादरची इंदू मिल, जिच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतंय. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससूनच्या नावाच्या शाळा अजून भरतात, आणि तिथे शिकणारी बहुतेक मुलं आता मुसलमान आहेत.

कापसाच्या गाठी भरतीओहोटीची वाट न पाहता चढवता याव्यात म्हणून अल्बर्टनी तो डॉक बांधला होता. आता तिथे अंधार असतानाच बोटी लागतात, बर्फाच्या लाद्या फुटू लागतात आणि कोळणी कोळंबीच्या ढिगावर बोली पुकारतात.